विश्लेषण : कॅडमधली ड्रॅग चेन प्रत्यक्ष मशिनवर का घासते?

सीएनसी मशिनचे मागचे कव्हर काढले, की काळ्या प्लास्टिकची, गोमेसारखी कड्याकड्यांची पट्टी दिसते. कॅरेज सरकले की ती उलगडते, परतले की पुन्हा वळते. मोटर आणि सेन्सरच्या केबल, हवेचे आणि कूलंटचे पाइप तिच्या पोटातून जातात. हीच ड्रॅग चेन किंवा केबल चेन. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत गिल्बर्ट वानिंगर यांनी ती विकसित केली. आज भोसरी-चाकणच्या मशिन बनवणाऱ्या शेडमध्येही ती रोजची वस्तू आहे. संगणकावरच्या डिझाइनमध्ये मात्र ती अनेकदा सर्वांत शेवटी, शोभेपुरती बसवली जाते. मग मशिन पहिल्यांदा चालवले की चेन पत्र्याला घासते, किंवा काही महिन्यांनी केबल आतून तुटते. बोल लागतो वायरमनला. खरी चूक त्याआधीच, डिझाइनरच्या स्क्रीनवर झालेली असते.

चूक नेमकी काय?

उत्पादकांच्या संकेतस्थळावरून चेनची स्टेप फाइल मिळते. ती असेंब्लीत टाकली की चित्र सुरेख दिसते. पण ती एका जागी गोठलेली चेन असते, आणि बहुतेक वेळा कॅरेज मधोमध असतानाची. मधोमध कोणतीही चेन कशालाच अडत नाही. अडते ती टोकाला.

दुसरी चूक उत्साहाची. काही डिझाइनर प्रत्येक कडी वेगळी घेऊन पुढच्या कडीशी मेटने जोडतात. तीस कड्या, तीस सांधे, प्रत्येकाला कोनाची मर्यादा. कॅरेज ओढले की संगणक घुटमळतो, चेन मध्येच उलटी मुरडते आणि असेंब्ली लाल होते. इतका खटाटोप करून हाती जे येते, ते एका साध्या रेषेतूनही मिळाले असते.

सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही का?

आहे. सॉलिडवर्क्समध्ये 2015च्या आवृत्तीपासून चेन कॉम्पोनंट पॅटर्न आहे; दिलेल्या मार्गावर तो कड्या मांडतो. पण इथेच गल्लत होते. सायकलची चेन ठरलेल्या मार्गावरून फिरते, मार्ग बदलत नाही. ड्रॅग चेनचे उलट आहे. तिचा मार्गच कॅरेजबरोबर बदलतो, बदलत नाही ती फक्त लांबी. म्हणून आधी कड्या नव्हे, मार्ग काढायला हवा.

असेंब्लीत एक स्केच : खाली सरळ रेषा, मग अर्धवर्तुळ, वर सरळ रेषा. खालचे टोक मशिनच्या बेडवरच्या ब्रॅकेटला, वरचे कॅरेजवरच्या ब्रॅकेटला. अर्धवर्तुळाची त्रिज्या पक्की करायची आणि तिन्ही तुकड्यांच्या एकूण लांबीला ‘पाथ लेंग्थ’चे एकच माप द्यायचे. आता कॅरेज 100 मिमी सरकवून रीबिल्ड केले, की वळण आपोआप 50 मिमी सरकते. वळण नेहमी कॅरेजच्या निम्मेच अंतर कापते, ही ड्रॅग चेनची सगळी भूमिती. या रेषेवर चेनच्या बाहेरच्या मापाचा आयत स्वीप केला की जागेची तपासणी होते. ग्राहकाला दाखवायला सुंदर कड्या हव्याच असतील, तर त्या नंतर पॅटर्नने याच रेषेवर बसवाव्यात.

आकड्यांत काय दिसते?

समजा कॅरेजचा प्रवास 2000 मिमी, वळणाची त्रिज्या 100 मिमी आणि बेडवरचे ब्रॅकेट प्रवासाच्या बरोबर मध्यावर आहे. चेनची लांबी म्हणजे निम्मा प्रवास अधिक अर्धवर्तुळ : 1000 अधिक 314, म्हणजे 1314 मिमी. कडीची पिच 46 मिमी असेल, तर 29 कड्या. तेच ब्रॅकेट जागेअभावी प्रवासाच्या टोकाला नेले, तर लांबी थेट 2314 मिमी. ब्रॅकेटची जागा कुणी सहज बदलते तेव्हा खरेदी विभागाला हा हजार मिमीचा फरक कळवायचे राहून जाते.

आता कॅरेज टोकाला न्या. कडीची उंची 35 मिमी धरली, तर वळणाचा फुगवटा कॅरेजच्या ब्रॅकेटच्याही पुढे साधारण 118 मिमी जातो. कव्हर तिथे 100 मिमीवर असेल, तर मधोमध गोठलेल्या मॉडेलमध्ये ही टक्कर दिसणारच नाही.

केबलचे काय?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, कारण चेनच्या मॉडेलमध्ये केबल काढलेलीच नसते. समजा मोटरची केबल 12 मिमी जाडीची आहे आणि उत्पादकाने हलत्या वापरासाठी जाडीच्या किमान 10 पट त्रिज्या सांगितली आहे. म्हणजे 120 मिमी. वरची 100 मिमीची चेन इथेच बाद होते आणि 125ची घ्यावी लागते. लांबी 1393 मिमी होते, कड्या 31. पण खरा फटका उंचीचा : 235 मिमीऐवजी 285. हे 50 मिमी कव्हरचा पत्रा लेझर कटिंगला गेल्यावर कळले, तर पत्राही नवा आणि तारीखही नवी. अशा वेळी ‘तीच चेन बसवून टाका’ असे सांगितले जाते, आणि केबलच्या आतल्या तारा एकेक करून तुटू लागतात. बाहेरून वेष्टन धडधाकट, मशिन मधूनच अलार्म देते. असा दोष शोधण्यात अख्खी पाळी जाते.

म्हणून ड्रॉइंग मंजूर करताना चेनच्या दोन्ही टोकांच्या स्थिती वेगवेगळ्या जतन करून तपासणे सक्तीचे असावे. सॉलिडवर्क्समध्ये दोन कॉन्फिगरेशन ठेवली की भागते, अर्ध्या तासाचे काम आहे. ‘डिझाइनरला वेळ नसतो’ ही सबब, मशिन उभे राहिल्यावर जाणारे दिवस पाहता, पटण्यासारखी नाही.

ही रेषा सगळीकडे चालते का?

नाही. वरची धाव आधाराशिवाय तरंगते, तोवरच हे खरे. नव्या चेनला वरच्या बाजूस किंचित कमानीसारखा उठाव दिलेला असतो आणि जुनी झाली की ती झोळ खाते. म्हणून वर-खाली मोकळी जागा कॅटलॉग पाहून सोडावी लागते. प्रवास फार लांबला, जसे मोठ्या गॅन्ट्रीवर, तर वरची धाव खालच्या धावेवर टेकून घसरते. तिथे कॅरेजकडचे ब्रॅकेट खाली घेतात, चेनसाठी मार्गदर्शक पन्हळ लागते आणि अर्धवर्तुळाचे साधे स्केच पुरत नाही. त्या आकाराची मापे उत्पादकाकडूनच मागवावी लागतात.