आधी पान उलटून दाखवा

'मोबाइलवर शेती शिकता येत नाही' हे मागील अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकांनी गुड मॉर्निंगवाले ग्रुपच पाहिलेले दिसतात. आमच्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनी ऑक्टोबर छाटणीनंतर, पाऊस लागून राहिला असताना पाहावा. पानाचा फोटो टाकला की पहिला प्रश्न येतो, छाटणीला किती दिवस झाले? दुसरा, पान उलटून दाखवा. वर तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खाली पांढरी बुरशी असेल तर डाउनी, म्हणजे केवडा रोग. भुरी वेगळी, तिची फवारणीही वेगळी. नवख्या पोराच्या नजरेत हे एका हंगामात बसते. पूर्वी त्यासाठी जाणत्याचा बांध गाठावा लागे, आणि तो भेटला तर!

एक मुद्दा मात्र त्यांचा खरा. सल्ला देणाऱ्यांत औषधविक्रेतेही असतात आणि त्यांना प्रत्येक डागावर महागडी बाटलीच सुचते. म्हणून मात्रा किती आणि काढणीआधी फवारणी कधी थांबवायची, हे आम्ही लेबल आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहूनच ठरवतो. निर्यातीचा माल औषधाच्या उरलेल्या अंशामुळे (रेसिड्यू) अडकला तर ग्रुपचा अ‍ॅडमिन भरपाई देत नाही.

— एक द्राक्षबागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक