शिंकेला उत्तर

आमच्या गल्लीत लहान मूल शिंकलं की आजी म्हणते, ‘शतायुषी हो!’ शेजारच्या तेलुगू मावशी म्हणतात, ‘चिरंजीव!’ आणि नातवंडं शाळेत शिकलेलं ‘ब्लेस यू’ म्हणतात. एका शिंकेला तीन भाषांतून आशीर्वाद! आदिलाबादेत यात नवल नाही. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुराही याच जिल्ह्यात होते.

मावशींचा ‘चिरंजीव’ किती जुना असावा? पाली विनयपिटकात एक गोष्ट आहे. उपदेश करताना भगवान बुद्धांना शिंक आली. भिक्षूंनी ‘भगवान जगोत, जगोत’ असा गलका केला, इतका की उपदेशच थांबला. बुद्धांनी विचारलं, ‘असं म्हटल्यामुळे कोणी जगतं किंवा मरतं का?’ ‘नाही.’ ‘मग म्हणू नका.’

झालं! पुढे भिक्षू शिंकले, लोक ‘जगा’ म्हणाले, तर हे आपले गप्प. लोकांना राग आला, ‘साधं उत्तरही देत नाहीत!’ गोष्ट बुद्धांपर्यंत गेली. त्यांनी स्वतःचाच नियम सैल केला. गृहस्थांना असं बोलणं शुभ वाटतं, त्यांना ‘चिरं जीव’ म्हणा.

शब्दाने आयुष्य वाढत नाही, हे ठाऊक असूनही दिलेली ही मुभा मला फार आवडते.

परवा मी शिंकलो. नात मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, ‘चिरंजीव!’ सत्तरीच्या आजोबाला! दुरुस्त करणार होतो. मग म्हटलं, ‘तूही गं.’