दिव्याच्या खोक्यावरचा तिसरा आकडा

एलईडी दिवा घेताना आपण किंमत पाहतो, फार तर वॅट. त्या उजेडात रंग खरे दिसतील का, हे कोणी विचारत नाही. मला विचारावे लागते. खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का, डोळे पिवळे आहेत का, हे उजेडातच कळते ना!

बहुतेक पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड साधतात. त्यात तांबडा कमी पडतो आणि निरोगी पापणीही फिकट भासते. ही उणीव क्वांटम डॉट भरून काढू शकतात. हे काही नॅनोमीटरचे स्फटिककण. पदार्थ तोच, पण लहान कण निळा आणि मोठा कण तांबडा प्रकाश देतो. त्यामुळे हवा तेवढाच तांबडा मिळतो, डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांत वीज वाया जात नाही. या कणांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण पुष्कळ डॉट कॅडमियमचे असतात, आणि कॅडमियम मूत्रपिंडाचा वैरी. आपल्याकडे फुटके दिवे उकिरड्यावर जातात, त्याचे काय? इंडियम फॉस्फाइडचेही डॉट निघाले आहेत. मला तेच पसंत.

तोवर खोक्यावर ‘सीआरआय’ शोधा. १०० पैकी ८० घराला चालेल, दवाखान्यात ९० च्या वर हवा. छापला नसेल तर दुकानदाराला विचाराच. आणि तान्ह्या बाळाची कावीळ दिव्याखाली पाहू नका. खिडकीपाशी दिवसाउजेडी पाहा, आणि शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.