आधी तण, मग झाड

ओढ्यावरून महामार्ग जाणार म्हटले की माणसे रस्त्यावर उतरतात. ओढ्यात घाणेरी माजली म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. सिडनीच्या नैर्ऋत्य उपनगरांतल्या वोली क्रीक या ओढ्याची या दोन्ही संकटांशी गाठ पडली. त्याच्या खोऱ्यातून रस्ता नेण्याच्या बेताविरुद्ध रहिवाशांनी १९८४ मध्ये संस्था स्थापन केली आणि चिकाटीने लढा दिला. अखेर तो महामार्ग बोगद्यात गेला आणि २००१ मध्ये सुरू झाला. जमीन वाचली. त्यावरचे रान वाचवण्याचे काम मात्र आजही संपलेले नाही, आणि आपल्या पालिकांनी शिकावे असे त्यातच अधिक आहे.

सिडनीतल्या अशा खोऱ्यांची माती बहुतांशी वालुकाश्मावरची, मुळात निकस. स्फुरद त्यात जेमतेम, आणि तिथली देशी झाडे त्या टंचाईलाच सरावलेली. वरच्या अंगाला वस्ती झाली, छपरे आणि डांबर आले, तसे पावसाचे पाणी मुरायचे थांबले. ते गटारातून थेट ओढ्यात कोसळू लागले, काठ कापू लागले. सोबत हिरवळीवरचे खत, कुत्र्यांची घाण, फुटक्या मैलावाहिन्यांचे पाणी. या आयत्या खुराकावर पोसले ते बाहेरून आलेले तण: कुंपणाला लावलेले प्रिव्हेट, बागांतून निसटलेल्या वेली आणि आपल्या पूर्ण ओळखीची घाणेरी. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती शोभेचे झुडूप म्हणून भारतातही आली, ऑस्ट्रेलियातही.

यावरचा उपाय शोधला तो सिडनीच्याच मोस्मन भागात राहणाऱ्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी, १९६०च्या दशकात. त्यांचे नियम तीन. जिथे रान धडधाकट आहे तिथून सुरुवात करून बिघडलेल्या भागाकडे सरकायचे. माती कमीत कमी उकरायची; रोप उपटले की बाजूला सारलेला पाचोळा हाताने पुन्हा जागेवर पसरायचा. आणि देशी रोपे ज्या वेगाने उगवतील, त्याच वेगाने तण काढायचे. यंत्र लावून सारा उतार एका दिवसात साफ केला, तर उघड्या मातीत पुन्हा तणच उगवते. शिवाय घाणेरीच्या काटेरी जाळीत लहान पाखरे आसऱ्याला असतात. देशी झुडपे वाढेपर्यंत ती जाळी टप्प्याटप्प्यानेच काढावी लागते.

आपल्याकडे सारे याच्या उलट चालते. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात उगम पावते. उद्यानात ती वन खात्याची, बाहेर पडली की महापालिकेची, आणि तिथून पुढे सांडपाण्याची व तबेल्यांतल्या शेणाची. २००५ च्या महापुरानंतर मुंबईतील नद्यांसाठी आपल्याला सुचले ते रुंदीकरण आणि संरक्षक भिंती. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावून वृक्षारोपणाचे आकडे गाठले गेले. मूळच्या गवताळ, खुरट्या रानाची जागा आक्रसली, याचा हिशेब त्या आकड्यांत नाही. खड्डे, रोपे, फलक, छायाचित्र एवढ्यावर सोहळा उरकतो, कारण निविदा त्याचीच निघते. वर्षानुवर्षे गुडघे टेकून तण उपटण्याची निविदा काढायची तर उद्घाटन कशाचे करणार?

म्हणूनच मागणी नेमकी हवी. ओढ्याच्या काठावर एकही रोप लावण्याआधी त्यात सुटणारी सांडपाण्याची तोंडे बंद करा. ठेका एका पावसाळ्याचा न देता निदान दहा वर्षांसाठी थोडा पण खात्रीचा निधी ठेवा, आणि देशी-परदेशी रोप ओळखणारी माणसे कायम कामावर घ्या. वन खाते आणि महापालिका यांनी एका ओढ्यासाठी एकच आराखडा करावा. मग अंदाजपत्रकात किती रोपे लावली, हा आकडा छापू नका. गेल्या वर्षी साफ केलेल्या कोणत्या पट्ट्यात तण परत आले नाही, ते छापा.