कूस बदलायची वेळ

नालासोपाऱ्यातल्या आमच्या घरी दादींना लकवा झाला, तेव्हा नमाजच्या वेळेला त्यांची कूस बदलायची असे आम्ही ठरवले. पाच वेळा आठवण आपोआप राहील, हा हिशोब. पण फजर ते जोहर सहा-सात तास जातात, इशानंतरची रात्र तर त्याहून लांब. कूस दर दोन तासांनी बदलायला हवी होती.

माकडहाडापाशी डाग आला, तो लाल नव्हता. सावळ्या कातडीवर तो बहुधा जांभळट, काळपट दिसतो. हाताला आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतो. बोटाने दाबल्यावर रंग फिका पडला नाही, तर आत इजा झाली समजा. आम्ही तिथे तेल चोळले. चूकच ती, चोळल्याने आतले मांस आणखी दुखावते. टाचाही बघा, पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवा.

वसई-विरारच्या पावसाळ्यात काही वाळत नाही, तरी ओली चादर लगेच बदला. हवेची गादी असेल तर वीज गेल्यावर खाली हात घालून बघा, हळूहळू बसत जाते ती. आणि साल निघालीच, तर हळद-बिळद न भरता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.