मुलाखत मैदानावर घ्या

आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजांत ‘व्हॉलीबॉल प्रशिक्षक’ असं मंजूर पद नसतं. असतं ते क्रीडा संचालकाचं. त्या एकट्याने कबड्डी बघायची, बुद्धिबळ बघायचं आणि विद्यापीठाच्या प्रवेशिकाही भरायच्या. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार त्याला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते. शिवाय तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापून दाखवायचं. म्हणजे तो स्वतः किती पळतो ते तपासतात. दुसऱ्याला खेळवता येतं का, याची परीक्षा नाही.

म्हणून टीम खरंच उभी करायची तर मानधनावर वेगळा माणूस शोधावा लागतो. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा असेल तर सोन्याहून पिवळं. पण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडला तेवढ्याने भागत नाही.

पहिली गोष्ट खेळाची. आपल्या पोरांना स्मॅश शिकवावा लागत नाही. दोन बांबूंना जाळी बांधून ती लहानपणापासून हाणतायत. घोडं अडतं ते सेटरपाशी. दुसरा स्पर्श त्याचा. चेंडू बोटांच्या टोकांना लागला न लागला तोच सुटला पाहिजे, रेंगाळला की फाऊल. आणि मारणारा हवेत असेल तेव्हा चेंडू बरोबर त्याच्या हातापुढे हवा. टाळ्या मात्र मारणाऱ्याला, त्यामुळे सेटर व्हायला कुणी राजी नसतं. जाणता प्रशिक्षक आधी उंच पोरगा शोधत नाही. पहिला पास वाकडा आला तरी न चिडणारा शोधतो. आणि उंची कमी म्हणून बाजूला बसवलेल्या पोरीला सांगतो, की १९९८पासून लिबेरो नावाची बचावाची जागा आहे, ती तुझी.

दुसरी गोष्ट एसटीची. टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांबकडची मुलं गाडीच्या वेळेला बांधलेली. मुरबाडला तर रेल्वेच नाही. संध्याकाळी सहापर्यंत सराव ठेवला की मुलींची नावं आपोआप गळतात. पावसात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यातल्या भिंतीवर बोटांचा सराव घेणारा माणूस हवा. आवणीला आणि कापणीला पोरगं दांडी मारणारच. तेवढ्यावरून त्याला टीमबाहेर काढणारा प्रशिक्षक शहरात शिस्तीचा म्हणून नावाजला जाईल. इथे डिसेंबरपर्यंत त्याच्याकडे सहा खेळाडू उरायचे नाहीत.

तेव्हा संस्थाचालकांना एक विनंती. उमेदवाराला केबिनमध्ये बसवून फाइल चाळू नका. पहिल्या वर्षाची बारा मुलं आणि दोन चेंडू त्याच्या हवाली करा, बाजूला खुर्ची टाका आणि तासभर बघा. तो स्वतःच स्मॅश मारून दाखवत बसला तर चहा पाजून निरोप द्या. मुलांना नावाने हाक मारू लागला तर ठेवून घ्या. आणि त्याचं मानधन दर महिन्याला द्या, मार्चअखेर एकदम नको.