निरोप समारंभातला पाण्याचा जग

मागच्या महिन्यात सांगलीला आमच्या ऑफिसात शिपाईमामांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फेटा, साहेबांचं भाषण, सगळं रीतसर. मग जेवणं सुरू झाली. जिलेबी वाढून होते न होते तोच मामा फेट्यासकट पाण्याचा जग घेऊन फिरायला लागले! तीस वर्षांची सवय. "मामा, आज तरी तुम्ही बसा," असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही. मी तर ग्लास पुढे केला.

घरी आल्यावर तो ग्लास काही डोक्यातून जाईना.

माझं शिक्षण साताऱ्याचं. तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं मिळून स्वयंपाक करायची आणि एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. कर्मवीरांचं गाव सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. म्हणजे हा धडा आम्हाला दोन्हीकडून घरचाच!

ऑफिसच्या कार्यक्रमात कसं वागावं हे हल्ली बरेच जण शिकवतात. कपडे, काटे-चमचे, साहेबांशी काय बोलावं वगैरे. मला वाटतं, आधी एवढंच बघावं, की आपण जेवायला बसलो तेव्हा उभं कोण आहे?

असो. मामांना फोन करून रविवारी घरी जेवायला बोलावलंय. म्हणाले, "येतो की मॅडम, पण चहा मात्र मीच करणार."

आता काय बोलणार!